एकाच दृश्याच्या तीन कॅमेऱ्यांतल्या रॉ फाइली: तुलना कशी करावी आणि कुठे फसते

प्रश्न थोडक्यात असा. कोकणातल्या हर्णे बंदरावरून सुवर्णदुर्ग किल्ला आणि पुढ्यातल्या होड्या हे एकच दृश्य तिघांनी तीन कॅमेऱ्यांत घेतलं: एक २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा), एक फुजीफिल्मचा २६ मेगापिक्सेलचा एपीएस-सी (त्याहून लहान सेन्सरचा) आणि एक फोन. तिन्ही रॉ फाइली (सेन्सरचा कच्चा डेटा) लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये उघडून एकीवर केलेलं एडिटिंग बाकी दोन्हींवर जसंच्या तसं पेस्ट केलं. फोनचा फोटो सगळ्यांत उठावदार आला, फुल फ्रेमचा मळकट, आणि एका होडीचा निळा रंग फुजीत निळा तर फुल फ्रेममध्ये जांभळट. तर महागडा कॅमेरा कमी पडला का, आणि खरा निळा कोणाचा?

या तीन फोटोंवरून कॅमेऱ्यांबद्दल काहीच ठरवता येणार नाही. दिसतोय तो फरक खरा आहे, पण त्यातला बराचसा सेन्सरचा नाही. तो एक्स्पोजरचा, कन्व्हर्टरने (रॉपासून फोटो बनवणाऱ्या लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरने) आतल्या आत केलेल्या गणिताचा आणि पेस्ट केलेल्या सेटिंगचा आहे. स्लायडरचे आकडे सारखे ठेवले म्हणून तिन्ही फाइलींना सारखी वागणूक मिळत नाही. आकडे वेगवेगळे राहू द्यावेत आणि फोटोतली मोजता येणारी ठिकाणं जुळवावीत. ती जुळल्यावर जे उरतं तो कॅमेऱ्याचा फरक.

पेस्ट केलेलं एडिटिंग का फसतं

लाइटरूममध्ये एक्स्पोजरचा स्लायडर शून्यावर दिसला म्हणजे फाइलला हात लागलेला नाही असं नसतं. कन्व्हर्टर प्रत्येक मॉडेलसाठी एक पायाभूत एक्स्पोजर धरतो आणि ते स्लायडरवर दाखवत नाही. याचं मूळ आयएसओच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रकाशसंवेदनशीलतेच्या आकड्याच्या, व्याख्येत आहे. आयएसओ १२२३२ या मानकाच्या २००६ च्या आवृत्तीनुसार कंपनीला आयएसओचा आकडा कॅमेऱ्यातून निघणाऱ्या जेपीईजीच्या उजेडावरून ठरवता येतो. रॉ फाइल किती भरली हे त्यात मोजलंच जात नाही. त्यामुळे दोन कॅमेऱ्यांच्या आयएसओ २०० मध्ये रॉच्या पातळीवर अर्धा-पाऊण स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरक निघाला तर नवल नाही. फुजीफिल्ममध्ये तोच शटर, तेच ॲपर्चर आणि तोच आयएसओ ठेवला की रॉ बहुधा इतरांपेक्षा अंधारी भरते, आणि कन्व्हर्टर तिला गुपचूप उजळवतो. त्या उजळवलेल्या सावलीत नॉइज (दाणेदारपणा) दिसला की बोल सेन्सरला लागतो. डार्कटेबल हा दुसरा कन्व्हर्टरही ‘सीन-रेफर्ड’ नावाच्या पद्धतीत सुरुवातीलाच +०.७ ईव्ही (म्हणजे ०.७ स्टॉप) देतो, पण निदान तो आकडा समोर दिसतो.

दुसरी अडचण हायलाइट्स, शॅडोज आणि क्लॅरिटी या स्लायडरची. लाइटरूमच्या प्रोसेस व्हर्जन २०१२ या गणितपद्धतीपासून ते त्या त्या फोटोत काय आहे ते पाहून काम करतात. हायलाइट्स उणे ६० चा परिणाम आभाळ जास्त असलेल्या फ्रेमवर वेगळा आणि वाळू जास्त असलेल्या फ्रेमवर वेगळा. तिन्ही फ्रेम तंतोतंत सारख्या नसतील, आणि नसतातच, तर हे स्लायडर तुलनेतून बाद. टोन हलवायचा तर कर्व्ह वापरा. ऑटो बटणाला तर हातही लावू नका.

तिसरी अडचण शार्पनिंगची. लाइटरूमची ठरलेली सुरुवात ४०, रेडियस १, डिटेल २५ अशी असते. रेडियस पिक्सेलमध्ये मोजला जातो. ६००० पिक्सेल रुंद फाइलमधला एक पिक्सेल दृश्याचा जेवढा भाग व्यापतो, त्याच्या साधारण दीडपट भाग ४०३२ पिक्सेल रुंद फोनच्या फाइलमधला एक पिक्सेल व्यापतो. म्हणजे तोच आकडा फोनच्या फोटोत जाड कडा काढतो, आणि छोट्या स्क्रीनवर जाड कडा ‘स्पष्ट’ वाटते. फोन उठावदार दिसण्याचं एक कारण इथेच मिळतं.

प्रोफाइलचंही, म्हणजे सेन्सरच्या आकड्यांना रंग देणाऱ्या तक्त्याचंही, पाहा. एका फाइलला ॲडोबी कलर आणि दुसरीला कंपनीच्या रंगांची नक्कल करणारं कॅमेरा मॅचिंग प्रोफाइल लागलं असेल, तर तुलना कंपन्यांच्या आवडीनिवडींची होते. तुलनेसाठी तिन्हींना ॲडोबी स्टँडर्ड लावा, किंवा पुढे सांगितल्याप्रमाणे स्वतः केलेलं प्रोफाइल.

फोनची रॉ ही बहुधा रॉ नसतेच

आयफोनचं प्रोरॉ किंवा सॅमसंगचं एक्स्पर्ट रॉ डीएनजी (ॲडोबीच्या रॉ स्वरूपातली) फाइल देतं, पण ती एका क्लिकचा सेन्सर डेटा नसते. अनेक फ्रेम एकत्र करून, नॉइज दाबून, रंगांची जुळणी आधीच उरकून मग ती फाइल लिहिलेली असते. प्रोरॉमध्ये आभाळ आणि सावली वेगवेगळी उजळवण्याचा नकाशाही सोबत येतो. तुमच्या फुल फ्रेमच्या एका फ्रेमसमोर फोनच्या अनेक फ्रेमचा गठ्ठा उभा होता. सेन्सरची तुलना हवी असेल तर एकच फ्रेम देणाऱ्या तिसऱ्या कंपनीच्या ॲपमधून साधी डीएनजी घ्या. फोन ‘एक यंत्र म्हणून’ कसा आहे हे पाहायचं असेल तर प्रोरॉ ठेवा, पण मग मोठ्या कॅमेऱ्यांनाही ब्रॅकेट करून (वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या फ्रेम घेऊन) जोडलेली फाइल वापरू द्या. यातलं कुठलंही चालेल, फक्त दोन्हींची सरमिसळ करू नका.

साधी डीएनजी पहिल्यांदा उघडली की बरेच जण दचकतात, इतकी ती फिकी आणि दाणेदार असते. लहान सेन्सर तसाच असतो.

जागा, वेळ आणि पाणी

कोकणचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, हे इथे सोयीचं. सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि किल्ला, होड्या, धक्का सगळ्यांवर समोरून उजेड पडतो. रंग आणि तपशील पाहण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली साडेनऊ ते अकराची वेळ घ्या. मे महिन्यात हवेतल्या बाष्पाने तटबंदी अशी धुरकट होते की तिन्ही कॅमेरे सारखेच वाईट ठरतात. ढगांचे पुंजके सरकत असतील तर त्या दिवशी तुलना करू नका.

पाणी स्थिर नसतं, हे विसरून अर्ध्याअधिक तुलना वाया जातात. भरती-ओहोटीच्या मधल्या टप्प्यात पाणी सर्वांत वेगाने चढतं-उतरतं, नांगरलेल्या होड्या फिरतात, ओल्या वाळूची चकाकी बदलते. भरती पूर्ण भरल्यावरची किंवा ओहोटी पूर्ण झाल्यावरची अर्धा-पाऊण तासाची वेळ धरा, आणि शक्य असेल तर अष्टमीच्या आसपासचा भांगेचा (भरती-ओहोटीचा फरक कमी असलेला) दिवस निवडा. उधाणाच्या दिवशी फार घाई होते. एवढं करूनही होडी हलणारच. म्हणून तपशील तपासायचा तो किल्ल्याच्या तटावर, धक्क्याच्या दगडांवर, किनाऱ्यावरच्या कौलारू छपरावर. होड्या रंगासाठी ठेवा.

तिन्ही कॅमेरे शेजारी शेजारी, एकाच उंचीवर. ट्रायपॉड ओल्या वाळूत रोवू नका, तो प्रत्येक लाटेगणिक थोडा खचतो. धक्क्यावर मासळीचे टेम्पो चालू असतील तर काँक्रीटही थरथरतं, मग थांबून दोन सेकंदांच्या टायमरवर क्लिक करा. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर टाळा, काही कॅमेऱ्यांत तो लावला की रॉ १४ वरून १२ बिटवर येते. कॉम्प्रेशनचा पर्याय असेल तर लॉसलेस (डेटा न गमावणारं) निवडा. लॉसी रॉमध्ये उजळ आभाळासमोरच्या डोलकाठीच्या कडेला कधीकधी दातेरी नक्षी उमटते, आणि पाहणारा ती लेन्सच्या खात्यावर टाकतो.

खाऱ्या हवेचा थर हा इथला खास दोष. वाऱ्यासमोर काही वेळ उभं राहिलं की पुढच्या काचेवर मिठाचा पातळ पापुद्रा बसतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण सगळा फोटो दुधाळ करतो. तुमच्या फुल फ्रेमच्या मळकटपणामागे हेही असू शकतं, विशेषतः लेन्सवर जुना फिल्टर लावलेला असेल तर. कोरड्या कापडाने पुसू नका, मिठाचे कण लेप ओरखडतात. डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओलं केलेलं मायक्रोफायबर आधी, कोरडं नंतर. फोनच्या काचेवर बोटांचा तेलकटपणा असतो, तीही पुसा. एसी गाडीतून थेट बाहेर काढलेल्या कॅमेऱ्यावर दव धरतं. बॅग बंद ठेवूनच अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या.

फ्रेम जुळवणं

फोनवर ‘२६ मिमी’ लिहिलेलं असलं तरी तो आकडा कर्णावरून काढलेला असतो आणि फोनची फ्रेम ४:३ असते. तिची रुंदी कायम ठेवून ३:२ मध्ये कापली की ती फुल फ्रेमच्या साधारण २७ मिमीशी जुळते. म्हणजे फुल फ्रेम झूम २७ वर, एपीएस-सी १८ वर. झूमच्या रिंगवरचे आकडे ढोबळ असतात, त्यामुळे शेवटची जुळणी दृश्यातल्या दोन खुणांवर करा: डावीकडे एक बुरूज, उजवीकडे एक खांब, दोन्ही फ्रेमच्या कडेपासून सारख्या अंतरावर. फोनमध्ये डिजिटल झूम नको.

ॲपर्चरचं गणित थोडं शांतपणे समजून घ्यावं असं आहे. फोनचं एफ/१.८, एपीएस-सीचं एफ/५.६ आणि फुल फ्रेमचं एफ/८ यांची डेप्थ ऑफ फील्ड (स्पष्ट दिसणारा खोलीचा पट्टा) साधारण सारखी पडते, कारण फोनच्या मुख्य सेन्सरचा क्रॉप फॅक्टर (फुल फ्रेमपेक्षा तो किती पट लहान) चार-साडेचारच्या घरात असतो. आता या तिघांचा शटरही सारखा ठेवला तर तिन्ही सेन्सरवर पडणारा एकूण प्रकाश जवळजवळ सारखाच होतो, आणि मोठ्या सेन्सरचा नॉइजमधला फायदा बराचसा गळून पडतो. मोठा सेन्सर जिंकतो तो जास्त प्रकाश साठवू शकतो म्हणून, आणि त्याला तो साठवू दिला तरच. ट्रायपॉडवर, आपापल्या सर्वांत खालच्या आयएसओवर, शटर लांबवून. लख्ख उन्हात फुल फ्रेमला आयएसओ १०० वर एफ/८ आणि सुमारे १/४०० सेकंद येईल. फोनला आयएसओ ५० वर सुमारे १/४००० लागेल. तिन्हींना आयएसओ ४०० ‘समान’ म्हणून लावणं हा मोठ्या कॅमेऱ्यावर अन्याय आहे, आणि नेमकं तेच सर्रास केलं जातं.

फोकस मॅन्युअल, मोठं करून, किल्ल्याच्या तटावर. २७ मिमी, एफ/८ ला हायपरफोकल अंतर (जिथे फोकस केल्यावर दूरपर्यंत पुरेसं स्पष्ट येतं ते) तीन मीटर येतं आणि तिथे फोकस ठेवण्याचा मोह होतो. ते गणित छोट्या प्रिंटसाठी ठीक आहे, पण १०० टक्क्यांवर पाहिलं की दूरचा तट मऊ दिसतो.

एक्स्पोजर कॅमेऱ्याच्या मागच्या हिस्टोग्रामवरून (उजेडाच्या आलेखावरून) ठरवू नका, तो जेपीईजीचा असतो. प्रत्येक कॅमेऱ्यावर तृतीयांश स्टॉपच्या टप्प्यांनी सात-आठ फ्रेम घ्या. घरी रॉडिगर किंवा फास्टरॉव्ह्यूअर या सॉफ्टवेअरमध्ये खरा रॉ हिस्टोग्राम पाहा. रॉथेरपी या कन्व्हर्टरमध्येही रॉ हिस्टोग्राम दाखवण्याची सोय आहे. पांढऱ्या रंगाच्या होडीवर हिरवा चॅनल कमाल पातळीच्या तृतीयांश ते अर्धा स्टॉप खाली असलेली फ्रेम निवडा. १४ बिट फाइलची कमाल १६३८३ च्या आसपास असते आणि त्यातून ब्लॅक लेव्हल (पूर्ण काळ्याचा आकडा) वजा करावी लागते, ती प्रत्येक मॉडेलची वेगळी. पाण्यावरच्या चकाकीचे ठिपके क्लिप झाले (कमाल पातळीला कापले गेले) तर होऊ द्या, त्यांना वाचवायला गेलात तर अख्खी फ्रेम अंधारात जाईल. फुजीत डायनॅमिक रेंज डीआर१०० वर ठेवा. डीआर२०० आणि डीआर४०० रॉ अनुक्रमे एक आणि दोन स्टॉप कमी भरतात आणि लाइटरूम ते भरून काढतं. इतर कॅमेऱ्यांतले हायलाइट टोन प्रायॉरिटी, ॲक्टिव्ह डी-लायटिंग असले पर्यायही बंद.

क्रम लावताना पहिला कॅमेरा शेवटी पुन्हा एकदा चालवा. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेममध्ये ग्रे कार्डाची (तटस्थ राखाडी पुठ्ठ्याची) रॉ पातळी ७ टक्क्यांहून जास्त बदलली असेल, म्हणजे उजेड ०.१ स्टॉपने हलला असेल, तर तो संच टाकून द्या.

ग्रे कार्ड नसेल तर

पांढरा कागद वापरू नका. त्यात शुभ्रतेसाठी घातलेली द्रव्यं किनाऱ्यावरच्या अतिनील किरणांत निळसर चमकतात आणि व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा म्हणून केलेली रंगजुळणी) पिवळट होतो. नळजोडणीची पांढरी टेफ्लॉन टेप पुठ्ठ्यावर सात-आठ थर घट्ट गुंडाळली तर ती बऱ्यापैकी तटस्थ पांढरी मिळते, हार्डवेअरच्या दुकानात सहज. फक्त ती क्लिप होणार नाही एवढं एक्स्पोजर आवरा. कार्ड धरताना जांभ्याच्या भिंतीजवळ किंवा निळ्या ताडपत्रीशेजारी उभे राहू नका, त्यांचा परावर्तित रंग कार्डावर येतो. चोवीस चौकोनांचा कलरचेकर हा रंगतक्ता असेल तर फारच उत्तम. तो फ्रेमच्या मधल्या तृतीयांशात, थेट उन्हात, आपली सावली न पडता घ्या.

एडिटिंग: आधी सगळं काढा, मग जुळवा

तिन्ही फाइली एकाच कन्व्हर्टरच्या एकाच आवृत्तीत. शार्पनिंग शून्य, ल्युमिनन्स नॉइज रिडक्शन शून्य, कलर नॉइज तिन्हींना सारखा. लेन्स करेक्शन सगळ्यांचं चालू किंवा सगळ्यांचं बंद. इथे एक मेख आहे: काही मिररलेस लेन्सचं करेक्शन फाइलमध्येच येतं आणि लाइटरूम ते बंद करू देत नाही. तसं असेल तर बाकीच्यांचंही चालू करा. करेक्शनने कोपरे ताणले जातात आणि उजळले जातात, त्यामुळे कोपऱ्यातली मऊपणाची आणि नॉइजची तुलना अखेर लेन्सची होते.

व्हाइट बॅलन्स ड्रॉपरने, तिन्हींत त्याच राखाडी पट्टीवर. मग केल्विनचे (रंग-तापमानाचे) आकडे ५१००, ५४५०, ५२५० असे वेगवेगळे आले तर घाबरू नका, ते यायलाच हवेत. केल्विन सारखा करून रंग जुळवणं हे इंचांची पट्टी एका हातात आणि सेंटिमीटरची दुसऱ्या हातात घेऊन आकडे जुळवण्यासारखं आहे.

यानंतर एक्स्पोजर. ग्रे पट्टीवर कर्सर नेऊन तिन्हींत ती एकाच टक्क्यावर आणा, लाइटरूममध्ये सुमारे ४६ वर, एक टक्का इकडेतिकडे चालेल. किती स्टॉप द्यावे लागले ते प्रत्येक फाइलसाठी लिहून ठेवा, नॉइज पाहताना ती नोंद लागते. मग कलरचेकरची काळी पट्टी पाहा. राखाडी जुळूनही एका कॅमेऱ्याची काळी पट्टी स्पष्टपणे उजळ राहिली, तर दोन शक्यता: काचेवरचं मीठ-धूळ किंवा लेन्समधली फ्लेअर (आत विखुरलेला उजेड). सेन्सरचा त्यात संबंध नाही. ‘या कॅमेऱ्यात कॉन्ट्रास्ट कमी आहे’ या तक्रारीचा उलगडा फार वेळा या एका पट्टीत होतो. कर्व्हचा खालचा बिंदू सरकवून ती जुळवा आणि तशी नोंद करा.

आता आकार. २४ मेगापिक्सेलची फाइल ६०००×४०००, फुजीची ६२४०×४१६०, फोनची कापल्यावर ४०३२×२६८८. सगळ्या ४०३२ रुंदीला आणा. मोठ्या फाइली लहान केल्यावर त्यांचा नॉइज आपोआप घटतो, आणि तो त्यांचा हक्काचा फायदा आहे. न घटवता १०० टक्क्यांवर पाहणं म्हणजे मोठ्या प्रिंटमधला तुकडा छोट्या प्रिंटमधल्या तुकड्याशी ताडून पाहणं. शार्पनिंग या टप्प्यावर, लहान केल्यानंतर, तिन्हींना सारखं द्या.

फुजीच्या एक्स-ट्रान्स सेन्सरसाठी एक जादा टप्पा. त्याच्या रंगफिल्टरची रचना ६×६ ची, इतरांची बायर पद्धतीची २×२. लाइटरूमच्या नेहमीच्या पद्धतीत झावळ्यांच्या, गवताच्या बारीक पोतात शार्पनिंग वाढवलं की अळ्यांसारखी वळवळती नक्षी येते. तिथे एन्हान्समधलं रॉ डिटेल्स चालवा, किंवा रॉथेरपी-डार्कटेबलमध्ये मार्केस्टाइन ३-पास ही पद्धत निवडा. मग नक्षी गेली तर दोष कन्व्हर्टरचा होता. बायर सेन्सरवर उलट प्रकार दिसतो: दूरच्या कौलांच्या ओळींवर किंवा वाळत टाकलेल्या जाळ्यांवर रंगीत मोआरे (लाटांसारखी खोटी नक्षी). तो मात्र सेन्सर आणि त्यावरच्या फिल्टरचा आहे, त्याला कन्व्हर्टर फार तर झाकतो.

निळा खरा कोणाचा

कदाचित दोघांचाही नाही. कोणत्याच सेन्सरचे लाल-हिरवे-निळे फिल्टर माणसाच्या डोळ्याशी तंतोतंत जुळत नाहीत. डोळ्याला सारखे दिसणारे दोन निळे सेन्सरला वेगळे दिसू शकतात, आणि प्रोफाइल हे त्यावरचं अंदाजाचं दुरुस्तीपत्रक असतं. होड्यांना लावतात तो गडद ऑइलपेंटचा निळा कलरचेकरच्या निळ्या चौकोनापेक्षा जास्त संपृक्त असतो. तिथे प्रोफाइलला आधार संपलेला असतो आणि रंग कुठेही झुकतो, बहुतेकदा जांभळ्याकडे.

आधी सॉफ्ट प्रूफिंग (एक्स्पोर्टनंतरचे रंग आधीच दाखवणारी सोय) चालू करून तो निळा एसआरजीबीच्या, म्हणजे नेहमीच्या स्क्रीनच्या रंगमर्यादेच्या, बाहेर जातोय का पाहा. जात असेल तर एक्स्पोर्टमध्ये तो कापला जाणार, तेव्हा संपृक्तता थोडी उतरवून मग तुलना करा. नंतर प्रत्येक कॅमेऱ्याच्या त्या सकाळच्याच कलरचेकर फ्रेमवरून डीसीपी (त्या कॅमेऱ्याच्या रंगांचं) प्रोफाइल बनवा. कलरचेकरसोबत मिळणारं कॅलिब्रेशन सॉफ्टवेअर हे काही मिनिटांत करतं, लाइटरूम बंद-चालू केलं की प्रोफाइल यादीत दिसतं. जांभळेपणा बराच कमी झाला तर प्रश्न प्रोफाइलचा होता.

राहिलाच, तर एचएसएल पॅनलमध्ये निळ्याचा ह्यू (रंगछटा) उणे १० ते उणे १५ करून पाहा. होडी जुळली आणि आभाळही ठीक राहिलं, तर हीही प्रोफाइलचीच उणीव. होडी जुळेपर्यंत आभाळ हिरवट झालं, तर तो कॅमेरा त्या दोन निळ्यांना पुरेसं वेगळं नोंदवत नाही. हा फरक खरा, सेन्सरचा, आणि नोंदवण्याजोगा. समान वागणुकीच्या तुलनेत मास्क लावून तो लपवू नका. डोळ्यांच्या आठवणीवर तर मुळीच विसंबू नका, बंदरावर रंगकाम चालू असेल तिथून सुकलेल्या रंगाची एक खपली मागून आणलेली बरी.

लालाबाबतही सावध राहा. ऊन पडलेला जांभा आणि होडीवरचं लाल निशाण यांत लाल चॅनल हिरव्याच्या आधी भरू शकतो आणि मग निशाणाच्या घड्या सपाट होतात. म्हणून रॉ हिस्टोग्राम पाहताना तिन्ही चॅनल पाहायचे.

संध्याकाळचा वेगळा संच

डायनॅमिक रेंज (उजळ आणि काळोखा भाग एकाच फ्रेममध्ये नोंदवण्याची क्षमता) सकाळच्या उजेडात कळत नाही. त्यासाठी संध्याकाळी आभाळ उजळ आणि तट काळा असं दृश्य लागतं. मात्र या अक्षांशावर सूर्य झपाट्याने उतरतो, बिंब क्षितिजाला टेकल्यापासून बुडेपर्यंत सव्वादोन-अडीच मिनिटंच मिळतात. एकामागून एक कॅमेरा लावत बसलात तर प्रत्येकाला वेगळं आभाळ मिळेल. तीन माणसं, तीन ट्रायपॉड, एकाच हाकेवर क्लिक. सूर्यबिंबाशेजारचं आभाळ क्लिप होणार नाही असं एक्स्पोजर प्रत्येकाने आपल्या कॅमेऱ्यापुरतं आधीच ठरवून ठेवायचं.

घरी एक्स्पोजर स्लायडरनेच ३ ते ४ स्टॉप उचला, शॅडोजने नव्हे, आणि ४०३२ रुंदीत तटाची काळी बाजू पाहा. नुसते दाणे असतील तर तो साधा नॉइज, सुसह्य. सावली हिरवी किंवा किरमिजी झाली तर ब्लॅक लेव्हलची चूक. आडवे-उभे पट्टे आले तर ते फार वाईट, ते कुठल्याच नॉइज रिडक्शनने नीट जात नाहीत. एकाच आयएसओवर निकाल देऊ नका. बऱ्याच सेन्सरमध्ये आयएसओ ४०० ते ८०० च्या दरम्यान सेन्सरची अंतर्गत वाढ बदलते आणि तिथून पुढे सावल्या अचानक स्वच्छ होतात. अशा दोन कॅमेऱ्यांची गाठ नेमकी आयएसओ ५०० वर घातली, तर निकाल उलटाही लागू शकतो.

दुसरी तुलना: प्रत्येकाची उत्तम फाइल

वरची सगळी खटपट सेन्सर-लेन्स समजण्यासाठी. विकत काय घ्यावं हा प्रश्न असेल तर दुसरी तुलनाही करा, आणि ती वेगळीच ठेवा. एकाच माणसाने प्रत्येक फाइल पंधरा मिनिटांत, कोणतंही साधन वापरून, आपल्या मते उत्तम करायची. आधी लक्ष्य लिहून ठेवायचं: तट तांबूस-काळा, आभाळ फिकं, होडीचा निळा खपलीसारखा. इथे फोनच्या प्रोरॉलाही मुभा. लक्ष्य आधी न लिहिल्यास शेवटच्या फाइलवर हात बसलेला असतो आणि ती उगाच जिंकते.

दाखवताना नावं उडवा. तिन्ही फोटो एसआरजीबी, जेपीईजी ९० च्या वर, सारख्या मापात, क-ख-ग अशा नावांनी. एक्झिफटूल या सॉफ्टवेअरने फाइलमधली कॅमेऱ्याची माहिती पुसताना रंगाचं प्रोफाइलही पुसलं जाणार नाही याकडे लक्ष द्या. सगळे फोटो एकाच कॅलिब्रेट केलेल्या स्क्रीनवर, डी६५ (पांढऱ्याचं ठरलेलं प्रमाण) आणि १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर उजेडात. फोनचा फोटो फोनच्याच गॅलरीत आणि बाकीचे लॅपटॉपवर असं पाहू नका. नव्या फोनच्या गॅलरीत एचडीआर फोटोचे उजळ भाग स्क्रीनच्या नेहमीच्या पांढऱ्याहून जास्त प्रकाशतात, आणि त्यासमोर कुठलाही साधा जेपीईजी मळकटच दिसणार. तुमच्या पहिल्या निरीक्षणाचा मोठा हिस्सा इथून आला असण्याची मला दाट शंका आहे.

ए३ प्रिंट काढलात तर ४०३२ पिक्सेल रुंदीला इंचाला सुमारे २४४ पिक्सेल पडतात. हातभर अंतरावरून, सकाळच्या संचात, नीट जुळवलेल्या फाइलींमधला तपशिलाचा फरक बहुतेकांना सांगता येत नाही. संध्याकाळच्या संचात बऱ्याच जणांना येतो, तोही तटाच्या सावलीत. मतं मागवायला व्हॉट्सॲप वापरणार असाल तर फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलात तर ती लहान होते, दाबली जाते, आणि नॉइज-तपशिलाचा जो फरक शोधायला एवढं केलं तो वाटेतच पुसला जातो.